व्हर्च्युअल मशीनला मॅक अ‍ॅड्रेस कोण देतो, आणि तो आपण स्वतः द्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या कार्यालयात केव्हीएमचे (लिनक्सवरील व्हर्च्युअलायझेशनचे) दोन होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारे दोन खरे सर्व्हर, आहेत आणि दोन्ही मिळून साधारण ४० व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालतात. नवी व्हीएम लागली की जुन्या एखाद्या व्हीएमची डिस्क आणि त्या व्हीएमचे कॉन्फिगरेशन लिहिलेली एक्सएमएल फाइल कॉपी करून ती उभी केली जाते. गेल्या महिन्यापासून त्यांतील दोन व्हीएम एकाच वेळी चालू असल्या की कधी एकीचे, तर कधी दुसरीचे नेटवर्क तुटते. खऱ्या नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (स्थानिक जाळ्यात त्याला ओळखण्याचा क्रमांक) कारखान्यातच ठरतो हे आपल्याला माहीत आहे. पण जिला कार्डच नाही अशा मशीनचा अ‍ॅड्रेस कोण ठरवतो, आणि तो आपण हाताने लिहून दिला तर चालेल का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. अ‍ॅड्रेस कोण देतो हा पहिला, आणि तोच अ‍ॅड्रेस दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही याची हमी कोण घेतो हा दुसरा. खऱ्या कार्डाच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते, ते म्हणजे कार्ड बनवणारी कंपनी. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. व्हीएमचा मॅक अ‍ॅड्रेस मात्र कॉन्फिगरेशनमधील एक ओळ असतो. ती ओळ लिहिणारे सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्याला फक्त स्वतःची वही दिसते. शेजारच्या होस्टच्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि बहुतेक वेळा ते विचारायलाही जात नाही. मी गेली अठरा वर्षे सर्व्हर आणि व्हर्च्युअलायझेशनचे काम करतो आहे. दुहेरी मॅकची जी प्रकरणे माझ्यासमोर आली, त्यांपैकी जवळपास सगळी या एका गोष्टीतून निर्माण झाली होती.

नेमके काय करावे हे काही बाबींवर अवलंबून आहे: दोन्ही होस्टवरील व्हीएम एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या जाळ्याच्या वेगळ्या भागात) आहेत का, आयपी अ‍ॅड्रेस डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) येतात की हाताने दिलेले आहेत, आणि एखाद्या व्हीएमवरील सॉफ्टवेअरचा परवाना मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेला आहे का. आपण यांबद्दल लिहिलेले नाही, म्हणून जेथे उत्तर बदलेल तेथे मी तसे सांगत जाईन.

आधी अ‍ॅड्रेसची रचना पाहू, कारण हाताने अ‍ॅड्रेस द्यायचा असेल तर ती माहीत असावीच लागते. मॅक अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा असतो आणि षोडशमान अंकांच्या सहा जोड्यांत लिहिला जातो. (त्यातील ए ते एफ ही अक्षरे मी येथे देवनागरीतच लिहितो आहे.) नेहमीच्या नोंदणीत पहिल्या तीन जोड्या आयईईई ही प्रमाणके ठरवणारी संस्था उत्पादकाला देते आणि उरलेल्या तीन उत्पादक स्वतः क्रमाने वापरतो. पहिल्या जोडीतील दोन बिट मात्र राखीव अर्थाचे आहेत. अगदी शेवटचा बिट १ असेल तर तो अ‍ॅड्रेस एका यंत्राचा नसून समूहाचा, म्हणजे मल्टिकास्टचा असतो. त्याच्या शेजारचा बिट १ असेल तर तो अ‍ॅड्रेस जागतिक नोंदणीतून आलेला नसून स्थानिक व्यवस्थापकाने दिलेला आहे असा अर्थ होतो. बिट मोजत बसण्याची गरज नाही; पहिल्या जोडीतील दुसरा अंक पाहावा. तो २, ६, ए किंवा ई असेल तर अ‍ॅड्रेस स्थानिक आणि एका यंत्राचा; तो विषम असेल तर मल्टिकास्ट, आणि असा अ‍ॅड्रेस कोणत्याही व्हीएमला देता येत नाही. केव्हीएमच्या व्हीएम सांभाळणारे लिबव्हर्ट हे सॉफ्टवेअर तर तो स्वीकारतच नाही.

आता आपल्या व्हीएमचे अ‍ॅड्रेस पाहा. ते बहुधा ५२:५४:०० ने सुरू होत असतील. ५२ मधील दुसरा अंक २ आहे, म्हणजे हा स्थानिक प्रकारचा अ‍ॅड्रेस आहे. तो कोणत्याही कंपनीच्या नावे नोंदलेला नाही. केव्हीएम आणि त्याच्यासोबत व्हीएम चालवणारा प्रोग्राम क्यूईएमयू यांच्या जगात तो रूढ झाला, इतकेच. उलट व्हर्च्युअलायझेशनच्या इतर सॉफ्टवेअरपैकी व्हीएमवेअरचे ००:५०:५६ आणि ००:०सी:२९, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचे ००:१५:५डी, झेनचे ००:१६:३ई हे उपसर्ग (सुरुवातीच्या तीन जोड्या) आयईईईच्या नोंदणीतील आहेत. व्हर्च्युअलबॉक्स वापरतो तो ०८:००:२७ हाही नोंदणीतीलच आहे. ओपनस्टॅकमध्ये मूळ उपसर्ग एफए:१६:३ई असा ठेवलेला असतो. झेनच्या उपसर्गाशी त्याचे साम्य उघड आहे, पण पहिली जोडी बदलल्यामुळे तो स्थानिक प्रकारात जातो. प्रॉक्समॉक्सने ८.१ या आवृत्तीपासून स्वतःच्या नावे नोंदलेला बीसी:२४:११ हा उपसर्ग वापरायला सुरुवात केली. उपसर्ग कोणताही असला तरी तो फक्त पहिल्या तीन जोड्यांची व्यवस्था लावतो. उरलेल्या २४ बिटांत काय लिहायचे आणि ते दुसरीकडे लिहिले गेलेले नाही हे कसे पाहायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मॅक अ‍ॅड्रेस जगात एकमेव असावा अशी नोंदणीची कल्पना असली, तरी प्रत्यक्षात तो एका ब्रॉडकास्ट डोमेनमध्ये, म्हणजे साधारणपणे एका व्हीलॅनमध्ये, एकमेव असला की काम भागते. जमिनीचा गट क्रमांक जसा गावापुरता एकमेव असतो आणि तोच क्रमांक शेजारच्या गावात असल्याने कोणाचे अडत नाही, तसेच हे आहे. मात्र आज वेगळ्या असलेल्या व्हीलॅन उद्या एकत्र होऊ शकतात आणि व्हीएम एका व्हीलॅनमधून दुसरीत हलवली जाऊ शकते. म्हणून मी स्वतः सगळ्या जाळ्यात अ‍ॅड्रेस एकमेव ठेवण्याचा आग्रह धरतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. केव्हीएमवर लिबव्हर्टमार्फत व्हीएम तयार केली आणि तिच्या एक्सएमएलमध्ये मॅकची ओळ नसली, तर ५२:५४:०० नंतरच्या तीन जोड्या यादृच्छिकपणे निवडल्या जातात आणि तो अ‍ॅड्रेस एक्सएमएलमध्ये कायमचा लिहिला जातो. पुढे व्हीएम शंभर वेळा बंद-चालू केली तरी तो बदलत नाही. म्हणजे यादृच्छिक निवड फक्त एकदा, व्याख्या करताना होते. येथे एक सावधगिरी सांगतो. लिबव्हर्ट न वापरता क्यूईएमयू थेट कमांड लाइनवरून चालवला आणि मॅक दिला नाही, तर तो यादृच्छिक अ‍ॅड्रेस निवडत नाही. पहिल्या कार्डाला दरवेळी ५२:५४:००:१२:३४:५६ हाच अ‍ॅड्रेस मिळतो. कोणी चाचणीसाठी म्हणून हाताने चालवलेल्या दोन व्हीएम एकाच ब्रिजवर (होस्टमधील सॉफ्टवेअरच्या स्विचवर) आल्या की त्या हमखास भांडतात. आपल्या जाळ्यात हा अ‍ॅड्रेस दिसला, तर त्याचा उगम शोधायला वेळ लागू नये.

मग आपल्याकडचे दोन अ‍ॅड्रेस योगायोगाने सारखे निघाले असतील का? हिशोब करून पाहू. २४ बिटांत १,६७,७७,२१६ वेगवेगळ्या संख्या बसतात. ४० व्हीएममधून दोन-दोन व्हीएमच्या ७८० जोड्या होतात. म्हणजे त्यांतील निदान एक जोडी सारखी निघण्याची शक्यता सुमारे २१,५०० मध्ये एक आहे. व्हीएम १,००० झाल्या तर ही शक्यता जवळपास ३ टक्क्यांवर जाते आणि ४,८०० च्या आसपास ती निम्म्यावर पोहोचते. तेव्हा मोठ्या जाळ्यात नुसत्या यादृच्छिकतेवर भरवसा ठेवणे चुकीचेच आहे. पण ४० व्हीएमसाठी योगायोग हे कारण मी शेवटी तपासेन. त्याच्या कितीतरी आधी मी कॉपीकडे पाहीन.

कारण आपली पद्धत नेमकी अशी आहे की तीत चूक होणे जवळजवळ अटळ आहे. एक्सएमएल कॉपी करताना माणूस व्हीएमचे नाव बदलतो, डिस्कचा मार्ग बदलतो आणि यूयूआयडीची, म्हणजे व्हीएमच्या ओळख क्रमांकाची, ओळ काढून टाकतो. कारण त्याच होस्टवर तेच नाव किंवा तोच यूयूआयडी असेल तर लिबव्हर्ट नकार देतो. मॅकच्या ओळीबद्दल मात्र कोणीही तक्रार करत नाही, म्हणून ती तशीच राहते. दुसऱ्या होस्टवर नेताना तर नाव आणि यूयूआयडीही अडत नाहीत, आणि फाइल जशीच्या तशी स्वीकारली जाते. व्हर्ट-क्लोन हे साधन वापरले तर नवा मॅक आपोआप मिळतो. हातानेच कॉपी करायची असेल, तर मॅकची ओळ बदलण्यापेक्षा ती पूर्ण काढून टाकावी. लिबव्हर्ट नवी लिहील. एवढी एक सवय लावून घेतली तर आपल्याकडचा बहुतांश त्रास संपेल असे मला वाटते.

कधी एकीचे, कधी दुसरीचे नेटवर्क तुटते हे आपले निरीक्षणही याच कारणाकडे बोट दाखवते. स्विच प्रत्येक फ्रेमचा पाठवणारा अ‍ॅड्रेस पाहून, तो कोणत्या पोर्टवर आहे, अशी नोंद ठेवतो. एकच अ‍ॅड्रेस दोन पोर्टांवरून बोलू लागला की ही नोंद सतत इकडून तिकडे सरकते आणि उत्तरे, जी व्हीएम शेवटची बोलली तिच्याकडे जातात. दोघींचे आयपी वेगळे असतील तर चुकीच्या व्हीएमकडे आलेले पॅकेट ती गुपचूप टाकून देते आणि वापरणाऱ्याला नुसता खोळंबा दिसतो. दोघी डीएचसीपी वापरत असतील तर मॅक सारखा असल्याने सर्व्हर त्यांना सहसा एकच आयपी देतो. मग चुकीच्या व्हीएमला तिच्या माहितीत नसलेल्या जोडणीचे पॅकेट मिळते आणि ती जोडणी रीसेट करून टाकते. खोळंबा होतो की जोडणी रीसेट होते, एवढे पाहूनही आपल्याला बराच अंदाज येईल. व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचच्या लॉगमध्ये अ‍ॅड्रेस पोर्ट बदलत असल्याच्या नोंदी स्पष्ट मिळतात. दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर असतील तर मात्र बाहेरच्या स्विचला काही कळत नाही. तेव्हा होस्टवरील ब्रिजची नोंद पाहावी लागते.

ब्रिज पाहताना आपला एक गोंधळ होईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. होस्टवरील टॅप इंटरफेसचा, म्हणजे व्हीएमला ब्रिजशी जोडणाऱ्या टोकाचा, अ‍ॅड्रेस एफई:५४:०० ने सुरू होणारा दिसेल, आणि पुढचे अंक व्हीएमच्या अ‍ॅड्रेसप्रमाणेच असतील. ही चूक नाही. लिनक्सचा ब्रिज, त्याला स्वतंत्र अ‍ॅड्रेस दिलेला नसेल तर, आपल्या पोर्टांमधील सर्वांत लहान अ‍ॅड्रेस स्वतःसाठी घेतो. टॅपचा अ‍ॅड्रेस लहान असता तर व्हीएम चालू किंवा बंद होताच ब्रिजचा, पर्यायाने होस्टचा, अ‍ॅड्रेस बदलला असता. तसे होऊ नये म्हणून लिबव्हर्ट टॅपच्या बाजूला पहिली जोडी मुद्दाम एफई करतो. व्हीएमच्या आत दिसणारा ५२ चा अ‍ॅड्रेस हाच खरा वापरातला.

इतर हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर) हे काम कसे करतात ते थोडे सांगतो, कारण आपण पुढे दुसरीकडे वळलात तर हीच अडचण वेगळ्या रूपात भेटेल. व्हीएमवेअरमध्ये व्हीसेंटर (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) नसलेला होस्ट ००:०सी:२९ हा उपसर्ग घेऊन पुढचे अंक व्हीएमच्या यूयूआयडीवरून काढतो, आणि तो यूयूआयडी होस्टची ओळख आणि कॉन्फिगरेशन फाइलचा मार्ग यांवरून बनतो. म्हणूनच फाइल हलवल्यावर ‘ही व्हीएम हलवली की कॉपी केली’ असा प्रश्न विचारला जातो. कॉपी म्हटले तर नवा अ‍ॅड्रेस मिळतो, हलवली म्हटले तर जुनाच राहतो. तेथे घाईत चुकीचे उत्तर दिले की दुहेरी अ‍ॅड्रेस तयार. व्हीसेंटर असेल तर उपसर्ग ००:५०:५६ येतो आणि चौथी जोडी त्या व्हीसेंटरच्या ० ते ६३ मधील क्रमांकात षोडशमान ८० मिळवून बनते. एका व्हीसेंटरच्या वाट्याला त्यामुळे शेवटच्या दोन जोड्या, म्हणजे सुमारे ६५ हजार अ‍ॅड्रेस येतात. ही वाटणी मला फार आवडते, कारण तीत प्रत्येक देणाऱ्याची हद्द अ‍ॅड्रेसमध्येच लिहिलेली आहे. हाताने द्यायच्या अ‍ॅड्रेससाठीही ००:५०:५६:००:००:०० ते ००:५०:५६:३एफ:एफएफ:एफएफ ही वेगळी हद्द आखून दिली आहे, त्यामुळे माणूस आणि सॉफ्टवेअर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. दोन व्हीसेंटरना चुकून एकच क्रमांक मिळाला तर मात्र हद्दी एकमेकींवर येतात.

हायपर-व्हीची गोष्ट मी अनुभवातून सांगू शकतो. तेथे होस्ट ००:१५:५डी नंतरच्या दोन जोड्या स्वतःच्या आयपी अ‍ॅड्रेसच्या शेवटच्या दोन भागांवरून घेतो आणि शेवटची जोडी ०० ते एफएफ अशी मोकळी ठेवतो. उदाहरणार्थ, होस्टचा आयपी १९२.१६८.१०.२५ असेल तर १० चे ०ए आणि २५ चे १९ होऊन ००:१५:५डी:०ए:१९:०० पासून २५६ अ‍ॅड्रेसचा साठा तयार होतो. हा साठा एकदाच ठरतो आणि होस्टच्या नोंदीत साठवला जातो. पुढे आयपी बदलला तरी तो आपोआप बदलत नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला बोलावले होते. तेथे एक होस्ट संपूर्ण तयार करून, हायपर-व्ही बसवून, मग त्याच्या डिस्कची प्रतिमा घेऊन दुसरा होस्ट बनवला होता. दोघांचे आयपी नंतर वेगळे केले गेले, पण अ‍ॅड्रेसचा साठा दोघांकडे तोच राहिला. उत्पादनाच्या नोंदी घेणारी व्हीएम आणि हजेरीची व्हीएम यांचे अ‍ॅड्रेस सारखे निघाले. पाळी बदलताना हजेरीची वर्दळ वाढली की उत्पादनाच्या नोंदी थांबत. तेथील लोकांनी केबल बदलल्या होत्या, स्विचही बदलला होता. आम्ही दुसऱ्या होस्टचा साठा बदलला, बाधित व्हीएमना नवे अ‍ॅड्रेस दिले, आणि तो त्रास त्याच संध्याकाळी थांबला. त्या दिवसापासून कोणताही हायपर-व्ही होस्ट हाती आला की मी त्याचा मॅकचा साठा सर्वांत आधी पाहतो.

कंटेनरबद्दल (होस्टच्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळे ठेवून चालवलेल्या प्रोग्रामबद्दल) आपण विचारलेले नाही, म्हणून एकच गोष्ट सांगतो. कंटेनर चालवणारा डॉकर अनेक वर्षे ०२:४२ नंतर कंटेनरचा आयपीच षोडशमानात लिहीत असे, १७२.१७.०.२ चा अ‍ॅड्रेस ०२:४२:एसी:११:००:०२ असा होई. आयपी एकमेव असेल तर मॅकही एकमेव, असा तो साधा विचार होता. पुढे हाताने अ‍ॅड्रेस ठरवताना हा उपसर्ग टाळावा.

आता ‘मी स्वतः अ‍ॅड्रेस दिला तर चालेल का’ या प्रश्नाचे उत्तर. चालेल, आणि काही व्हीएमसाठी तो द्यावाच. सॉफ्टवेअरचा परवाना मॅकला बांधलेला असेल, अभियांत्रिकी क्षेत्रातील बऱ्याच सॉफ्टवेअरचा असतो, तर त्या व्हीएमचा अ‍ॅड्रेस हाताने लिहून ठेवणे आवश्यक आहे. नाही तर कधीतरी व्हीएम नव्याने उभी करावी लागली की परवाना चालेनासा होतो. डीएचसीपीमध्ये मॅकनुसार आयपी राखून ठेवत असाल, तरीही हेच लागू आहे. बाकीच्या सर्वसाधारण व्हीएमसाठी मात्र सॉफ्टवेअरला अ‍ॅड्रेस देऊ द्यावा आणि आपण फक्त तपासावे, असे माझे मत आहे. हाताने लिहिलेल्या चाळीस ओळींत टंकनाची एक चूक होणे हे दोन यादृच्छिक अ‍ॅड्रेस सारखे निघण्यापेक्षा कितीतरी सहज घडते.

हाताने द्यायचे ठरवल्यास उपसर्ग कोणता घ्यावा? एखाद्या कंपनीचा नोंदलेला उपसर्ग उचलू नये, कारण त्या कंपनीचे खरे कार्ड कधी ना कधी आपल्या जाळ्यात येऊ शकते. ५२:५४:०० हाही घेऊ नये, कारण तेथे लिबव्हर्ट आपल्या मर्जीने अ‍ॅड्रेस काढत असतो आणि आपली हद्द त्याच्या हद्दीत मिसळते. ज्याचा दुसरा अंक २ आहे असा स्वतःचा उपसर्ग निवडावा. स्थानिक अ‍ॅड्रेसची जी विभागणी आयईईईने २०१७ च्या प्रमाणकात सांगितली आहे, तीत २ हा अंक स्थानिक व्यवस्थापकाच्या मुखत्यारीसाठीच ठेवलेला आहे. ए, ई आणि ६ यांचे वेगळे अर्थ लावलेले आहेत. मी साधारणपणे पहिल्या तीन जोड्या संस्थेसाठी ठरवतो, चौथी जोडी व्हीएम प्रथम ज्या होस्टवर तयार झाली त्याच्यासाठी आणि शेवटच्या दोन अनुक्रमांकासाठी. म्हणजे एखादी व्हीएम कोणत्या होस्टवर तयार झाली आणि तेथील कितवी, असा प्रश्न पडला तर अ‍ॅड्रेस वाचूनच उत्तर मिळते. चौथ्या जोडीतील आकडा जन्मस्थान सांगतो, सध्याचा मुक्काम नव्हे. व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवली तरी तो बदलू नये. लाइव्ह मायग्रेशनमध्ये, म्हणजे चालू व्हीएम न थांबवता हलवताना, व्हीएम आपला मॅक सोबत घेऊनच जाते, आणि नव्या ठिकाणी पोहोचताच तिच्या वतीने एक घोषणा प्रसारित केली जाते, जेणेकरून स्विच आपली नोंद बदलतील. हे सगळे अ‍ॅड्रेस न बदलण्यावरच उभे आहे.

होस्ट ज्या स्विच पोर्टला जोडलेले आहेत, त्यावर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असेल तर तीही पाहावी. एका पोर्टवर एक किंवा दोनच अ‍ॅड्रेस चालतील असा नियम डेस्कटॉपसाठी योग्य असतो. होस्टच्या पोर्टमागे वीस अ‍ॅड्रेस असतात आणि नियम मोडताच पोर्ट बंद पडू शकते. तसेच व्हीएममधील ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचा मॅक आतून बदलू शकते, त्यामुळे एक्सएमएलमध्ये दिसतो तोच तारेवर जातो असे गृहीत धरू नये. लिबव्हर्टच्या नेटवर्क फिल्टरमध्ये मॅकची तोतयेगिरी रोखण्याचा नियम तयार मिळतो. व्हीएम दुसऱ्या विभागाच्या ताब्यात देत असाल तर तो लावावा.

आपण डिस्कही कॉपी करता, म्हणून आणखी एका गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे. मॅक वेगळे केल्यावरही दोन व्हीएमना एकच आयपी मिळत राहिला, तर लोक पुन्हा मॅककडेच संशयाने पाहतात आणि दिवस घालवतात. तेथे कारण वेगळे असते. नेटवर्क सांभाळणारी सिस्टिमडी-नेटवर्कडी ही सेवा वापरणारी लिनक्स व्हीएम, उबंटूचा सर्व्हर हे त्याचे नेहमीचे उदाहरण, डीएचसीपी सर्व्हरला आपली ओळख मॅकने न सांगता मशीन-आयडीवरून बनवलेल्या ओळखीने सांगते. ईटीसी डिरेक्टरीतील मशीन-आयडी ही फाइल डिस्कसोबत कॉपी होते, म्हणून सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही व्हीएम एकच ठरतात. मूळ प्रत तयार करताना ती फाइल रिकामी करून ठेवावी. पहिल्यांदा चालू होताना नवी ओळख तयार होते. किंवा नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये) डीएचसीपीसाठी मॅकच ओळख म्हणून वापरण्याची सूचना द्यावी. व्हर्ट-सिसप्रेप हे साधन मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट की आणि जुने नेटवर्क नियम एकाच वेळी साफ करते. मी मूळ प्रतीवर ते चालवल्याशिवाय ती कोणाच्या हाती देत नाही.

आपल्या बाबतीत मी या क्रमाने जाईन. दोन्ही होस्टवरील सर्व व्हीएमच्या एक्सएमएलमधून, बंद असलेल्या व्हीएमही धरून, मॅकच्या ओळी काढून एका यादीत क्रमाने लावाव्यात. सारख्या ओळी लगेच शेजारी येतील. भांडणाऱ्या दोघींपैकी जी नंतर कॉपी केली आहे, जिच्यावर परवाना किंवा राखीव आयपी अवलंबून नाही, तिचा अ‍ॅड्रेस बदलावा. ती आधी पूर्ण बंद करावी, कारण चालू व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये केलेला बदल पुढच्या वेळी चालू होईपर्यंत लागू होत नाही. बंद करण्यापूर्वी मात्र तिच्या आतील नेटवर्कची फाइल उघडून पाहावी. क्लाउड-इनिट या, पहिल्यांदा चालू होताना व्हीएमची मांडणी करणाऱ्या साधनाने लिहिलेल्या नेटप्लॅन फाइलमध्ये जुना मॅक जुळवणीसाठी नोंदलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर नवा अ‍ॅड्रेस मिळालेल्या इंटरफेसला ती कॉन्फिगरेशन लागू होत नाही. व्हीएम चालू होते पण नेटवर्कविना, आणि मग कन्सोलवरूनच आत शिरावे लागते. सेंटओएस ६ च्या काळातील एखादी जुनी व्हीएम असेल तर तेथे मॅक बदलताच इंटरफेसचे नाव ईटीएच० चे ईटीएच१ होते, म्हणून इंटरफेसना नावे देणाऱ्या यूडेव्हची जुनी नियमांची फाइलही काढावी. त्यानंतर डीएचसीपी सर्व्हरवरील जुनी लीज (दिलेल्या आयपीची नोंद) पुसून व्हीएम चालू करावी, आणि गेटवेवरील एआरपी नोंद (कोणत्या आयपीचा मॅक कोणता ही नोंद) ताजी झाली की दोन्ही व्हीएमना एकाच वेळी तासभर पिंग लावून ठेवावे.